सुट्या अक्षरांचं पान

हॅमिल्टन,
५ सप्टेंबर २००८

लल्ला दलेंदा,

सलाम. फेथी परवा पोरीला तुमच्याकडे सोडून परत आला. नौरस विमानात रडली नाही आणि तुमच्या दारात पोचल्यावर मांजर मागे लागलं म्हणून हसली, असं म्हणाला. ऐकून मी मात्र रडले.

एका वर्षाचा प्रश्न आहे. माझी नर्सच्या परवान्याची परीक्षा जूनमध्ये आहे. तोवर दिवसा वृद्धाश्रमातली नोकरी, संध्याकाळी क्लास, आणि तुमचा भाऊ ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर. पोर शेजारणीच्या टीव्हीपुढे वाढत होती. त्यापेक्षा तिकडे आपल्या महदियात आत्याच्या घरी, आत्याच्याच शाळेत, आत्याच्याच वर्गात वाढली तर काय वाईट?

एकच गोष्ट सांगायची राहिली. तिला अक्षरं एकमेकांना जोडून, हात न उचलता लिहिता येत नाही. इथे कॅनडात शिकवलंच नाही. तिच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, पुढे सगळं कीबोर्डवरच करायचंय, उगाच पोरांचा जीव कशाला काढायचा. ती छापल्यासारखी सुटी अक्षरं काढते आणि तिला वाचताही तेवढीच येतात. तिच्या वाढदिवसाच्या कार्डावर मी दोन ओळी लिहिल्या, तर कार्ड घेऊन बापाकडे गेली, आईने काय लिहिलंय ते विचारायला. ते मला फार लागलं. माझ्याच मुलीला माझं अक्षर वाचता येत नाही.

म्हणून माझी पत्रं तूर्त तुम्हीच तिला वाचून दाखवा, आणि वर्षभरात तिला आपल्यासारखं लिहायला शिकवा. आपले वडील मुलाला शाळेत घालताना मास्तरांना जे सांगायचे तेच मी सांगते: कातडी तेवढी आमची, बाकी सगळं तुमचं.

तुमची,
वसीला


महदिया,
१२ ऑक्टोबर २००८

वसीला,

पोर गुणी आहे. पावाला तिखटजाळ हरीसा लावून पाणी न पिता खाते, मासळीचे काटे स्वतः काढते, मांजराशी इंग्रजीत बोलते. मांजरालाही आता थोडं समजायला लागलंय. घरात मी आत्या आणि 'तू'. शाळेत मी मादाम आणि 'तुम्ही'. हे तिने पहिल्याच दिवशी उचललं.

आता शाळेचं ऐक, आणि बसून ऐक.

त्या कॅनडाच्या बाईंना एकदा माझ्यासमोर उभं कर. पोरगी 'ओ' खालून काढते. 'टी'ची आडवी रेघ आधी मारते आणि दांडा मागून. प्रत्येक अक्षर झालं की पेन उचलते, बघते, पुन्हा टेकवते. गवंडी विटा लावतो तसं. तिची अर्धी ओळ होते तोवर माझा फळा पुसून झालेला असतो. आमच्याकडे तिसरीत फ्रेंच सुरू होतं आणि हिवाळ्याच्या सुट्टीपर्यंत कोळ्यांची पोरंसुद्धा हात न उचलता ओळ पुरी करतात. ही चौथीत आहे. तीन वर्षं त्या शाळेत हिने केलं काय? चित्रं रंगवली म्हणते.

तुला फिरती वही आठवत असेल. तुझ्या वेळीही होती. सगळ्या वर्गाची मिळून एकच वही, रोज एका मुलाच्या हातात. त्या दिवसाचं शुद्धलेखन, गणित, कविता, सगळं त्या मुलाने आपल्या अक्षरात लिहायचं आणि खाली नाव घालायचं. इन्स्पेक्टर वर्गात आला की आधी तीच वही मागतो. मास्तर कसा आहे हे त्याला त्या वहीतून कळतं. माझी वही दर वर्षी जिल्ह्याच्या प्रदर्शनात जाते. इतक्या वर्षांत तिच्यात शाईचा एक डाग पडलेला नाही.

इन्स्पेक्टर जानेवारीत येतील. बाहेरून आलेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवायचं की खाली बसवायचं हे तेच ठरवतात. हिला आज पाहिलं तर सरळ दुसरीत बसवतील, नाक पुसणाऱ्या पोरांमध्ये. ते मी होऊ देणार नाही. म्हणून मधल्या सुट्टीत ती माझ्यासमोर बसते आणि कित्ता गिरवते. रडली तरी गिरवते.

दलेंदा


हॅमिल्टन,
३ नोव्हेंबर २००८

लल्ला दलेंदा,

रविवारी फोनवर नौरसने मला विचारलं, "आई, गवंडी म्हणजे काय?" वर्गात तुम्ही तिला गवंडी म्हणता हे मला तिच्याकडून कळलं. सगळी पोरं आता तिला तसंच म्हणतात.

शिकवा म्हटलं होतं. चारचौघांत नाव ठेवा असं म्हटलं नव्हतं. मधल्या सुट्टीत इतर मुली दोरीवरच्या उड्या मारतात आणि ही एकटी आत बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिते. ती तिथे नवी आहे. मैत्रिणी कधी व्हायच्या? तुमच्या वर्गात ओन्स नावाची एकच मुलगी तिच्याशी बोलते म्हणे.

आणि सुट्या अक्षरांना हसता, तर माझं ऐका. मागच्या महिन्यात वृद्धाश्रमात एका आजोबांच्या कागदावर मी लिहून ठेवलं की संध्याकाळचं औषध जेवणाआधी द्या. पुढच्या पाळीच्या मुलीला ते वाचताच आलं नाही. औषध राहिलं. आजोबा बरे आहेत, पण दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंनी तो कागद सगळ्यांपुढे हलवला आणि विचारलं, ही कुठली लिपी आहे? मला लेखी ताकीद मिळाली. ज्या अक्षराला तुमच्या शाळेत बक्षीस मिळालं, ज्याच्यासाठी मी बोटांवर पट्ट्या खाल्ल्या, त्या अक्षराला. आता चाळिशीला आलेली मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून सुटी अक्षरं गिरवते. हो, विटा लावते.

म्हणजे इकडे मला सांगतात जोडू नकोस, तिकडे तुम्ही तिला सांगता जोड. आम्ही मायलेकींनी करायचं काय? मी तुम्हाला तिला शिकवायला सांगितलं कारण मला तिने माझं पत्र वाचायला हवंय. तुमच्या इन्स्पेक्टरसाठी नाही.

वसीला


महदिया,
२८ नोव्हेंबर २००८

वसीला,

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. पोरगी पाठवून दिलीस, वर कातडी तेवढी आमची म्हणालीस, आणि आता तिच्या एकेका रडण्याचा जाब मागतेस. ज्याला दुसऱ्याचं शिकवणं इतकं टोचतं त्याने आपलं मूल स्वतः शिकवावं.

तुझ्या मॅनेजरबाईला वाचता येत नाही हा तुझ्या अक्षराचा दोष झाला का? मला हे पटतच नाही. एखाद्याला पोहता येत नाही म्हणून कुणी समुद्र बुजवत नाही.

गवंडी म्हणणं मी बंद केलंय. हे तू सांगितलंस म्हणून नाही. परवा तिने माझ्यासाठी कॉफी आणली आणि म्हणाली, "गवंड्याने कॉफी केलीय, मादाम." घरात म्हणाली. मादाम. मला ते आवडलं नाही.

आणखी एक, तुला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगते. गुरुवारी फिरत्या वहीचा नंबर तिचा होता. मी वही ओन्सकडे दिली. पालक येता-जाता ती वही चाळतात. फेथीची मुलगी चौथीत असून असं लिहिते, हे उद्या कोळीवाड्यापासून बाजारापर्यंत झालं असतं. तिच्याच भल्यासाठी केलं. ती काही बोलली नाही. आपलं दप्तर भरलं आणि बसली.

दलेंदा


हॅमिल्टन,
२० डिसेंबर २००८

लल्ला दलेंदा,

ती काही बोलली नाही म्हणजे तिला काही वाटलं नाही, असं इतकी वर्षं पोरांत घालवलेल्या बाईला वाटतं? फोनवर ती मला म्हणाली की वहीत ओन्सची दोन पानं झाली आणि तिचं एकही नाही, आणि ओन्सने तिला सॉरी म्हटलं. एका पोरीला कळलं ते तुम्हाला कळलं नाही.

तुमच्या वहीवर डाग नको म्हणून तुम्ही माझ्या मुलीलाच डाग ठरवलंत. भल्याबिल्याचं मला सांगू नका. ते तुमच्या प्रदर्शनाचं भलं होतं.

फेथी म्हणतो, जाऊ दे, ताई आहे, मनाने चांगली आहे. मनाने चांगली माणसं फार पाहिली मी. मला तिचं पान हवंय. वाकडं असो, तिरकं असो, त्या वहीत नौरसच्या नावाचं पान पाहिजे, आणि इन्स्पेक्टर येण्याच्या आधी पाहिजे. नाहीतर मी स्वतः इन्स्पेक्टरला पत्र लिहून विचारीन की वर्गात एक मूल कमी कसं भरलं. आणि ते पत्र मी सुट्या अक्षरांत लिहीन, म्हणजे त्यांना नीट वाचता येईल.

वसीला


महदिया,
२५ जानेवारी २००९

वसीला,

इन्स्पेक्टर मंगळवारी येऊन गेले. नौरस चौथीतच राहणार. त्यांनी तिच्या पानाचं कौतुक केलं. पान तू मागितलं होतंस, त्याची फोटोकॉपी सोबत आहे.

समुद्र आठवडाभर खवळलेला आहे. होड्या बाहेर गेल्या नाहीत, बाजारात मासळी नाही. आम्ही अंडी खातोय. ऑलिव्हचं तेल या वर्षी चांगलं उतरलंय, फेथीसाठी ठेवलंय. थंडी फार आहे, तिला दोन स्वेटर घालून पाठवते.

दलेंदा


हॅमिल्टन,
१४ फेब्रुवारी २००९

प्रिय लल्ला दलेंदा,

कुठून सुरुवात करू? पाकीट बसमध्ये फोडलं आणि माझा थांबा मागे गेला तरी मला कळलं नाही. इतकं सुंदर पान. एका दमात लिहिलेलं, डोलणारं, शेवटपर्यंत रेघेवर. खाली नाव: नौरस. फक्त दोन ठिकाणी 'आर' जरा कलला आहे, आणि मला तर तेच जास्त आवडलं. पोराचा हात आहे, कळतं.

मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. डागाबद्दल लिहिलेलं आठवलं तरी कान तापतात. तुम्ही तिच्यासोबत मधल्या सुट्ट्या घालवल्यात आणि मी इथे बसून तुमच्यावर तोंड टाकलं. मला क्षमा करा. उपकार हा शब्द लहान पडेल.

पान फ्रीजवर लावलंय. फेथी ट्रकवरून आला, बूट न काढता त्याच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, ही माझ्या बहिणीची करामत. मी रोज सकाळी कामाला जाताना त्या पानाचा मुका घेते. हसू नका. पोरीचा गाल जवळ नाही, तर तिचं अक्षर तरी आहे.

हे सगळं तिला वाचून दाखवा. शब्दन्‌शब्द.

तुमची ऋणी,
वसीला


महदिया, ८ मार्च

आई,

हे पत्र मी लिहिलंय हे तुला लगेच कळेल. सगळं सुटं आहे. ओन्सची मोठी बहीण ते पोस्टात टाकणार आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा आत्याने वाचून दाखवलं नाही. ती म्हणाली, आईला बरं आहे, बाबांना बरं आहे, सगळ्यांना सलाम लिहिलाय. मग ती दूध आणायला गेली. पत्र टेबलावर होतं. मला आता जोडलेलं वाचता येतं. हळूहळू येतं पण येतं. मी तुझं पूर्ण पत्र वाचलं. पहिल्यांदा वाचलं.

फ्रीजवरचं पान माझं नाही. ते मादामनी लिहिलंय. मी वही हातातसुद्धा घेतली नव्हती. इन्स्पेक्टरांनी मला उभं केलं आणि म्हणाले, कॅनडातून आलेली मुलगी चार महिन्यांत असं लिहिते, यात तुमच्या मादामचा हात दिसतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओन्सने वाजवल्या नाहीत. मी खाली बसले आणि हात बाकाखाली ठेवले.

तू रोज सकाळी मादामच्या अक्षराचा मुका घेतेस.

आता मी वर्गात लिहीत नाही. हात दुखतो म्हणून सांगते. हात दुखत नाही. मादामना माहीत आहे की दुखत नाही, पण त्या मला रागवत नाहीत. त्याचाच मला जास्त राग येतो.

अरबीत अक्षरं एकमेकांचा हात धरतात. पण अरबीच्या तासाला माझं नाव लिहिताना त्यातला र पुढच्या स चा हात धरत नाही. कधीच धरत नाही. त्याला कुणी काही म्हणत नाही. तिथले सर म्हणतात, तो तसाच आहे.

ते पान काढून टाक.

नौरस


हॅमिल्टन,
२७ मार्च २००९

दलेंदा,

आज मानाचं लल्ला म्हणत नाही.

नौरसचं पत्र आलं. तिच्या सुट्या अक्षरांतलं. मी पान काढलं. फाडलं नाही. फाडवेना, कारण इतके दिवस मी त्याला माझी मुलगी समजले होते. ते पाकिटात घालून तुम्हाला परत पाठवते आहे. तुमचं आहे, तुम्ही सांभाळा.

तुम्ही मला फसवलंत हे मी एक वेळ गिळलं असतं. पण तुम्ही त्या पोरीला वर्गापुढे उभं राहू दिलंत आणि दुसऱ्याच्या कामाच्या टाळ्या खायला लावल्यात. तिच्या तोंडावर सांगितलंत की तुझं काही दाखवण्यासारखं नाही, म्हणून मी माझं दाखवते. त्या इंग्रजी शाळेने तिला काही शिकवलं नसेल, पण तिला खोटं ठरवलं नव्हतं.

आणि ते दोन कललेले 'आर'. ते मुद्दाम काढलेत ना तुम्ही? पोराचा हात वाटावा म्हणून? मी त्यांच्यावरून बोट फिरवत होते. माझ्याकडून माफीसुद्धा मागून घेतलीत. ती माफी आल्यावर तुम्ही गप्प बसलात. निदान तेव्हा तरी तुमचं पेन उचलायचं होतं.

परीक्षा झाली की मी तिला घेऊन जाणार. तोवर तिच्या हाताला हात लावू नका.

वसीला


महदिया,
१९ एप्रिल २००९

वसीला,

हो, लिहिलं मी. नाकारत नाही. आणि आता माझंही ऐकून घे, कारण तुझी पत्रं वाचून मला वाटायला लागलंय की महदियात मी एकटीच पापी राहते.

पान तू मागितलंस. इन्स्पेक्टर येण्याच्या आधी पाहिजे म्हणून मागितलंस, आणि वर धमकी दिलीस. तिच्या हातचं पान त्यांनी पाहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी ती दुसरीत बसली असती. तुझ्या नवऱ्याची मुलगी, माझ्या भावाची मुलगी, तिच्याहून दोन वर्षांनी लहान पोरांत. मग तू मला कुठल्या शब्दांत पत्र लिहिलं असतंस? मला दोन्हीकडून मार होता. मी त्यातला असा निवडला की जो तिला बसणार नाही. तो तिलाच बसला, हे मला कळलंय. तुझ्या पत्राची त्यासाठी गरज नव्हती, मी तिच्यासोबत एका घरात राहते.

तिच्या वयाचं अक्षर काढताना सगळ्यात अवघड काय गेलं सांगू? वाईट लिहिणं. हाताला ते येतच नव्हतं. ते दोन 'आर' मी चार कागद वाया घालवल्यावर जमले. आयुष्यभर पोरांना सरळ लिहा म्हणणारी बाई आपल्या टेबलावर बसून वाकडं लिहायला शिकत होती. तू हसशील, नाहीतर थुंकशील. दोन्ही चालेल.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं नाही, कारण मला ते मोठ्याने वाचवेना. मुक्याच्या ओळीपर्यंत आले आणि पत्र टेबलावर ठेवून उठले. दूध घरात होतं.

क्षमा मागायची मला सवय नाही, आणि तू मागितलेली क्षमा मला फार महाग पडली, म्हणून तो विषय सोडते.

दलेंदा


महदिया,
७ जून २००९

वसीला,

परीक्षा झाली असेल. बरी गेली असावी अशी आशा आहे. नौरसचं तिकीट फेथीने पाठवलं, मिळालं. तिची बॅग भरायला घेतली आहे. त्याआधी इथे काय झालं ते तुला माझ्याकडून कळू दे. तिच्याकडून कळेलच, पण ती कमी सांगते.

मे महिन्यात फिरती वही पुन्हा तिच्या नंबरावर आली. ती पुढे पाठवायची असं मी ठरवलं होतं. ती वर्गात लिहीतच नव्हती, मग वही देऊन काय उपयोग? मी ओन्सच्या मागच्या मुलाचं नाव घेतलं. नौरस उभी राहिली आणि म्हणाली, "मादाम, आज माझा नंबर आहे."

मी वही दिली.

दिवसभर लिहीत होती. शुद्धलेखन, भागाकार, समुद्रावरची कविता, सगळं. सगळं सुटं. प्रत्येक अक्षरानंतर पेन उचलून, एकेक वीट लावून. 'ओ' खालूनच काढला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. शाळा सुटल्यावर वही माझ्या टेबलावर ठेवून गेली. पान रेघेवर होतं, चूक एक नव्हती, आणि खाली नाव होतं. मग मी मागची पानं उलटली. जानेवारीतल्या माझ्या पानाखाली, जिथे मी तिचं नाव घातलं होतं, तिथे तिने ते खोडून सुट्या अक्षरांत लिहिलं होतं: हे मादाम दलेंदांनी लिहिलं.

मला इतका संताप आला की खुर्चीत बसवेना. घरी जाईपर्यंत मी तिला काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. ती मांजराला सार्डिनची डोकी घालत होती. बोलण्यासारखं माझ्याजवळ काय होतं?

मुख्याध्यापकांनी पाहिलं. त्यांनी ती दोन्ही पानं काढून टाकायला सांगितलं. पण ही वही शिवलेली असते. एक पान फाडलं की त्याच्या जोडीचं दुसऱ्या अर्ध्यातलं पान सुटतं. माझ्या पानाच्या जोडीला ओन्सचं होतं. नौरसच्या पानाच्या जोडीला एका कोळ्याच्या मुलाचं, ज्याच्या स्वतःच्या वहीत रोज डाग असतात आणि ज्याने इथे एकही न पाडता लिहिलं होतं. मग ते म्हणाले, नवी वही घ्या आणि सुट्टीच्या दिवशी बसून सगळीच उतरवून काढा, तुमच्या हाताला काय अवघड आहे. ते हे अगदी साधेपणाने म्हणाले, वसीला. त्यांना त्यात काही वाटलं नाही. मलाही जानेवारीत वाटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात इन्स्पेक्टर प्रदर्शनासाठी वह्या गोळा करायला आले. मी वही त्यांच्यापुढे त्याच पानावर उघडून ठेवली आणि सांगितलं की हे मी लिहिलं, आणि पुढचं तिने. त्यांनी दोन्ही पानं वाचली. मग त्यांनी विचारलं, "मादाम, या वयात तुम्हाला हे कुणी सुचवलं?" मी म्हटलं, खोटं लिहायचं की खरं सांगायचं? त्यांनी वही मिटली.

वही प्रदर्शनात गेली नाही. माझ्या नावावर शेरा बसला, पहिलाच. नौरसला मात्र त्यांनी पाचवीत घातलं. ती इथे राहणार नाही हे सांगितलं तरी घातलं.

मला तुझा राग आहे, कारण तू तिला पाठवलंस. फेथीचा आहे, कारण तो दोघींना चांगलं म्हणत राहिला. त्या कॅनडाच्या बाईचा आहे. स्वतःचा किती आहे ते मोजायला बसलेले नाही. तिचा मात्र आता येत नाही. यायला हवा, माझी वही तिने नासवली, पण येत नाही.

कातडी शाबूत परत पाठवते आहे. बाकीचं काय उरलं ते तू बघ.

दलेंदा


हॅमिल्टन,
२ ऑक्टोबर २००९

आत्या,

आई पास झाली. आता तिचा पांढरा कोट आहे. बाबांनी तेल सगळ्यांना वाटलं आणि मग आई त्यांना ओरडली. फ्रीजवर माझं मार्चचं पत्र आहे, ते सुटं. मी आईला सांगितलंय की त्याचा मुका घ्यायचा नाही.

मांजराला सार्डिनच दे. दुसरं काही देऊ नकोस.

हे पत्र बघून तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत आहे. हो, सगळं जोडलेलं आहे. मी लिहिलंय. आईने नाही लिहिलं, तिला तर हे पत्र माहीतच नाही. मला जोडून लिहिता येतं. फेब्रुवारीपासूनच येतं. ओन्सच्या घरी तिच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर मी लिहायचे आणि तिची बहीण तपासायची.

पण वर्गात कसं लिहिणार होते? मी जोडून लिहिलं असतं तर सगळे म्हणाले असते, बघा, ते पान हिचंच होतं. इन्स्पेक्टरसुद्धा म्हणाले असते. तू ते पान लिहिलंस ना, तेव्हा माझं खरं पान लिहायची जागाच उरली नाही. म्हणून मी ठरवलं की महदियात असेपर्यंत कधीच जोडून लिहायचं नाही, दुसरीत बसवलं तरी नाही. मला अजून राग आहे. आई म्हणते जाईल. मी म्हटलं, गेला की सांगेन.

इथे शाळेत मी सुटंच लिहिते. जोडलेलं कुणाला वाचता येत नाही, बाईंनाही नाही. म्हणून जोडून लिहायचं असलं की तुलाच लिहावं लागतं.

याचं उत्तर सुट्या अक्षरांत लिही. सगळं पत्र. प्रत्येक अक्षर झालं की पेन उचलायचं, बघायचं आणि मग पुढचं. 'ओ' कुठूनही सुरू केलास तरी चालेल. एकही अक्षर जोडलेलं दिसलं तर मी लाल पेनाने गोल करीन आणि पत्र परत पाठवीन. मग मधल्या सुट्टीत बसून पुन्हा लिही.

नौरस